सही झाली, फोटो आला, पण प्रवेश अडला: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या भरतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी बातमी येऊन पडते: अमुक विद्यापीठात सही केलेला खेळाडू आता तमुक विद्यापीठात खेळणार. खाली एका ओळीत कारण, 'शैक्षणिक अडचण'. मग प्रश्नांची सरबत्ती. मी ओहायोत राहतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी इथल्या हायस्कूलच्या मुलांना गणित शिकवायला जातो आणि त्यातली निम्मी मुलं फुटबॉलच्या संघातली असतात. म्हणून सगळे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. तीच ती उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो.

आधी सांगा, हा फुटबॉल कुठला?

हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळतात तो. कोल्हापूरच्या तालमी ज्यावर जीव टाकतात तो फुटबॉल इथे 'सॉकर' म्हणून ओळखला जातो. मात्र वेडाची पातळी तीच. शनिवारी सामना असला की आमच्या गावातल्या दुकानांत माणूस दिसत नाही.

रिक्रूट म्हणजे काय? निवड चाचणी असते का?

आपल्याकडच्यासारखी एका दिवसाची निवड चाचणी नसते. कॉलेजचे कोच हायस्कूलच्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं हेरत असतात. त्यांचे व्हिडिओ बघतात, घरी येऊन आईवडिलांशी बोलतात. मुलगा पटला की 'ऑफर' देतात. मुलाने तोंडी होकार दिला की तो 'कमिट' झाला. या शब्दाला कायद्याने काडीची किंमत नाही. लग्न ठरल्याची कुणकुण आणि साखरपुडा यांत जेवढं अंतर असतं, तेवढं कमिट होणं आणि सही करणं यांत आहे. सह्यांचा दिवस पूर्वी फेब्रुवारीत असे, २०१७ पासून डिसेंबरमध्येही सह्या होऊ लागल्या. आता बहुतेक मुलं डिसेंबरमध्येच मोकळी होतात.

सही केली म्हणजे जागा पक्की ना?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुलासमोर तीन दारं असतात आणि तिन्हींचे पहारेकरी वेगळे. पहिलं दार कोचचं: तू माझ्या संघात हवास का? दुसरं एनसीएएचं, म्हणजे कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचं: तू खेळायला पात्र आहेस का? तिसरं विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचं: तू आमचा विद्यार्थी व्हायला योग्य आहेस का? सहीच्या दिवशीचा फोटो, टेबलावर मांडलेल्या टोप्या, आजीच्या डोळ्यांतलं पाणी, हे सगळं फक्त पहिल्या दाराचं. कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की प्रवेश मिळाला आणि पात्रता सिद्ध झाली तरच हा करार लागू.

आता तारखा बघा. सही डिसेंबरमध्ये. त्या वेळी मुलाचं बारावीचं पहिलं सत्रही संपलेलं नसतं. शेवटची गुणपत्रिका जूनमध्ये येते. ती एनसीएएच्या इंडियानापोलिसच्या कार्यालयात पोचून, तपासली जाऊन, तिकडून विद्यापीठाच्या प्रवेश समितीसमोर जाईपर्यंत जुलै संपत आलेला असतो. सराव शिबिर ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे होकाराचा गाजावाजा हिवाळ्यात होतो आणि नकार येतो तो ऐन उन्हाळ्यात, मुलाच्या बॅगा भरून झाल्यावर, एका फोनवर.

एनसीएएने पास केलं तरी विद्यापीठ नाही म्हणू शकतं?

बेलाशक. एनसीएएची अट म्हणजे फक्त तळरेषा. त्याच्या वर कुठे रेघ मारायची ते विद्यापीठ ठरवतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००७ च्या ऑगस्टमधलं, साउथ कॅरोलायना विद्यापीठातलं. कोच होते स्टीव्ह स्परियर. ते स्वतः १९६६ चे हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेते आणि फ्लोरिडाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेले, म्हणजे या धंद्यातलं बडं प्रस्थ. त्यांच्या दोन रिक्रूटनी एनसीएएची अट पूर्ण केली, तरीही विद्यापीठाच्या प्रवेश समितीने त्यांना नाकारलं. स्परियर भडकले. पत्रकारांसमोर त्यांनी साफ सांगितलं की पात्र ठरलेल्या मुलाला आम्ही शब्द द्यायचा आणि नंतर विद्यापीठाने तो मोडायचा, हे चालू राहणार असेल तर मी दुसरीकडे जातो. विद्यापीठाने प्रवेशाची पद्धत सुधारण्याची तयारी दाखवली आणि स्परियर पुढे २०१५ पर्यंत तिथेच राहिले.

यात चूक कोणाची? मला दोन्ही बाजू पटतात, पण राग येतो तो वेळेचा. समितीला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. गुण कमी आहेत हे फेब्रुवारीत दिसत होतं, तर नकार फेब्रुवारीतच द्यावा. ऑगस्टमध्ये बाकीच्या सगळ्या संघांच्या जागा भरलेल्या असतात.

एनसीएएची अट नेमकी काय आहे?

पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी, ज्यांना इथे डिव्हिजन वन म्हणतात, नववी ते बारावीत मिळून १६ 'कोअर' विषय लागतात. इंग्रजीची ४ वर्षं. गणिताची ३, तीही अल्जिब्रा वन किंवा त्याच्या वरची. विज्ञानाची २. समाजशास्त्राची २. इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातला आणखी १. उरलेले ४ या सगळ्यांतून, किंवा परदेशी भाषा, तत्त्वज्ञान वगैरेंतून. या सोळांचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ४ पैकी किमान २.३ हवा. २०१६ पासून हीच पातळी आहे. त्याआधी २.० पुरत असे.

यात एक खुटी आहे आणि पोरं तिलाच अडकतात. सोळापैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत, आणि त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित, विज्ञान यांतलेच. बारावी सुरू झाली की त्या दहांचे गुण कुलूपबंद. पुन्हा परीक्षा देऊन ते सुधारता येत नाहीत. म्हणजे नववीत मुलगा चौदा वर्षांचा असताना, कोणत्याही कोचने त्याचं नावही ऐकलेलं नसताना बीजगणितात मिळालेला 'डी' चार वर्षांनी येऊन मानगुटीवर बसतो.

हिशेब करून दाखवतो. एखाद्याचे १५ विषय झालेत आणि 'ए'ला ४, 'बी'ला ३ असे मोजत त्याचे एकूण ३३ गुण झालेत, सरासरी २.२. सोळाव्या विषयात 'ए' मिळाला तर ३७ भागिले १६, म्हणजे २.३१. पास! 'बी' मिळाला तर ३६ भागिले १६, म्हणजे २.२५. अडकला. एका विषयातल्या एका अक्षराचा फरक. मे महिन्यात आमच्या वर्गात जी शांतता असते ती याच हिशेबाची असते.

२.२५ वाला पूर्ण बाहेर?

पूर्ण नाही. २.० ते २.३ च्या मधल्यांना 'अकॅडमिक रेडशर्ट' म्हणतात. शिष्यवृत्ती मिळते, पहिल्या सत्रात सराव करता येतो, पण पहिलं वर्ष सामना खेळता येत नाही. दुसऱ्या सत्रात सरावाला यायचं तर पहिल्या सत्रातला अभ्यास पास झालेला हवा. कागदावर सोय बरी आहे. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या प्रवेश समितीला असा मुलगा नकोसा असतो आणि कोचलाही वर्षभर बसून राहणाऱ्याला सांभाळायचं नसतं.

आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचा जीपीए २.९ होता, तरी तो अपात्र कसा?

कारण गुणपत्रिकेवरचा जीपीए आणि कोअर जीपीए या दोन वेगळ्या गोष्टी. गुणपत्रिकेत व्यायाम, बँड, स्वयंपाक, सुतारकाम सगळं धरलेलं असतं. एनसीएए फक्त कोअर विषय धरते, आणि तेही त्या त्या हायस्कूलच्या मंजूर यादीत असलेलेच.

माझ्या हाताखालच्या एका मुलाचं याच यादीपायी भिजत घोंगडं पडलं. शाळेच्या काउन्सेलरने त्याला अकरावीत सोप्या गणिताच्या वर्गात घातलं. नावात 'मॅथ' होतं, पोराला 'बी' मिळाला, घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. तो वर्ग मंजूर यादीतच नव्हता. हे कळलं बारावीच्या मार्चमध्ये. त्या पोराने उरलेल्या दहा आठवड्यांत ऑनलाइन जॉमेट्री केली, रोज रात्री दीड तास, आणि तो सुटला. सगळे सुटत नाहीत.

झटपट ऑनलाइन कोर्सचा जमाना होता तेव्हा हे सोपं होतं. पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झालेल्या मायकल ओहर याने मेम्फिसच्या हायस्कूलमध्ये असताना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे अगदी थोड्या दिवसांत उरकणारे पत्राद्वारे कोर्स करून जुने वाईट गुण बदलून घेतले आणि मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवला. नियमात बसत होतं ते. २०१० मध्ये एनसीएएने हे कोर्स मोजणं बंद केलं.

एवढे नियम आले कुठून? खेळाडू आहे, खेळू द्या की.

असं म्हणणारे १९८० च्या आधी पुष्कळ होते, आणि त्याचा परिणाम काय झाला ते डेक्स्टर मॅनली यांनी सांगितलं. हे गृहस्थ वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाचे तगडे बचावपटू. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षं काढलेले. १९८९ मध्ये सिनेटच्या समितीसमोर रडत रडत त्यांनी कबूल केलं की आपल्याला वाचता येत नव्हतं. चार वर्षं विद्यापीठात, आणि वाचता येत नाही.

त्याआधी जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिकेने नापास फुटबॉलपटूंना वर ढकलण्याविरुद्ध तोंड उघडलं. त्यांची नोकरी गेली. त्यांनी खटला भरला आणि १९८६ मध्ये ज्युरीने त्यांना २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. पुढे ती रक्कम कमी झाली, पण विद्यापीठांची झोप उडायची ती उडालीच.

त्याच वर्षी 'प्रपोझिशन ४८' हा नियम अमलात आला: ११ कोअर विषय, २.० जीपीए आणि कॉलेज प्रवेशाच्या सामायिक परीक्षांपैकी एसएटीत ७०० किंवा एसीटीत १५. जो यात बसला नाही त्याने पहिलं वर्ष बाहेर बसायचं. नोत्र दाम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (संघाचा डाव चालवणारा खेळाडू) टोनी राइस १९८६ मध्ये असाच बाहेर बसला. सराव नाही, सामना नाही. आणि १९८८ मध्ये त्याच राइसच्या नेतृत्वाखाली नोत्र दाम १२ पैकी १२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. नियमाचे समर्थक आणि विरोधक दोघंही आपापल्या बाजूने हेच उदाहरण देतात, ही गंमत.

विरोधही कमी नव्हता. १९८९ मध्ये नियम आणखी आवळून अशा मुलांची शिष्यवृत्तीच काढायचं ठरलं, तेव्हा जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन १४ जानेवारीला सामना सुरू होण्याआधीच मैदान सोडून निघून गेले. त्यांचा मुद्दा साधा होता: याचा फटका गरीब कृष्णवर्णीय मुलांना बसतो, आणि परीक्षेचे गुण हे घरच्या परिस्थितीचेही गुण असतात. पुढच्या वर्षी तो नियम सौम्य झाला.

मग एसएटी अजून लागते का?

एनसीएएला नाही. २०२३ च्या जानेवारीत ती अट कायमची काढली. तोवर सरकती पट्टी होती: जीपीए कमी असेल तर एसएटी जास्त हवी. विद्यापीठ मात्र स्वतःच्या प्रवेशासाठी मागू शकतं. परीक्षेचे घोटाळे वेगळेच. मेम्फिस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या एका खेळाडूची एसएटी मागाहून रद्द ठरली आणि २००७-०८ च्या हंगामातले ३८ विजय नोंदीतून पुसले गेले.

एका विद्यापीठाने नाकारलं, त्याला दुसरं कसं घेतं? त्यांचा दर्जा कमी म्हणायचा का?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात जरा तुच्छता असते, म्हणून थोडं थांबतो.

प्रत्येक विद्यापीठाची चाळणी वेगळी. स्टॅनफर्डमध्ये खेळाडूचा प्रवेश आधी मंजूर व्हावा लागतो, मगच सही. तिथे कोच कितीही हळहळला तरी उपयोग नाही. हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नाही आणि खेळाडूंच्या गुणांचा एक निर्देशांक काढून बाकी विद्यार्थ्यांशी ताडून बघतात. वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिसच्या सैनिकी अकादमींत बहुतेकांना खासदाराची शिफारस लागते. उलट अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत अपवाद म्हणून काही जागा समितीच्या हातात ठेवलेल्या असतात आणि तिथे कोचच्या शब्दाला वजन असतं.

त्यातही, नकार नेहमी बुद्धीला नसतो. कोणाचा एक कोअर विषय कमी असतो, कोणाची शाळा बदलल्यामुळे गुणपत्रिका अर्धी तिकडे अर्धी इकडे असते, कोणी तीन राज्यांत मिळून हायस्कूल पूर्ण केलेलं असतं. दुसऱ्या विद्यापीठाच्या समितीला तेच कागद चालतात. मुलगा तोच असतो, चाळणी बदललेली असते.

रँडी मॉसचं पण असंच झालं होतं ना?

पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेल्या या खेळाडूचं नाव दरवर्षी येतं. अर्धं बरोबर. मॉसने नोत्र दामशी करार केला होता आणि १९९५ मध्ये नोत्र दामने त्याला प्रवेश नाकारला, हे खरं. पण मूळ भानगड हायस्कूलमधल्या मारामारीची आणि तिच्या शिक्षेची होती. तो मग फ्लोरिडा स्टेटला गेला, तिथे वर्षभर बाहेर बसला, गांजाच्या चाचणीत सापडल्यावर तिथूनही काढला गेला. शेवटी घराजवळच्या, वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल विद्यापीठात पोचला. मार्शल तेव्हा खालच्या श्रेणीत होतं, त्यामुळे त्याला आणखी वर्ष थांबावं लागलं नाही. १९९६ मध्ये मार्शल त्या श्रेणीचं विजेतं झालं, १९९७ च्या हाइजमनच्या मतदानात मॉस चौथा आला, आणि १९९८ मध्ये व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला २१ व्या क्रमांकावर उचललं. त्याच्या आधी वीस खेळाडू उचलले गेले, याची चर्चा अजून चालते.

नाकारल्यावर मुलापुढे कोणते रस्ते असतात?

पात्र असेल पण विद्यापीठाने नाकारलं असेल, तर थेट दुसरं विद्यापीठ. हाच सगळ्यात सरळ रस्ता आणि बातम्यांत दिसतो तो हाच.

थोडंसंच कमी पडत असेल तर 'ग्रेशर्ट': प्रवेश ऑगस्टऐवजी जानेवारीत घ्यायचा, मधल्या काळात राहिलेलं पूर्ण करायचं, घरीच राहायचं. पोराला हे फार जड जातं. मित्र सगळे गेलेले असतात आणि शनिवारी टीव्हीवर दिसत असतात.

तिसरा रस्ता प्रेप स्कूलचा, म्हणजे कॉलेजआधी वर्षभर तयारी करून घेणाऱ्या शाळेचा. व्हर्जिनियातली फोर्क युनियन मिलिटरी अकादमी यासाठी नावाजलेली. १९९५ चा हाइजमन विजेता एडी जॉर्ज तिथला. पहाटे बिगुल, गणवेश, अभ्यासाचे ठरावीक तास. पूर्वी इथे वर्षभर राहून एसएटी सुधारून येत. आता एसएटी मोजत नाहीत आणि वेळेवर हायस्कूल संपवलेल्याला नंतर फक्त एकच कोअर विषय जोडता येतो. त्यामुळे हा रस्ता बराच अरुंद झालाय. जुन्या आठवणींवर विसंबून कोणी तिथली भरमसाट फी भरायला निघालं, तर आधी हिशेब करा: एका विषयाने काम भागणार आहे का?

चौथा, ज्युनियर कॉलेज.

ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीच ना?

नाही हो. पुण्याहून फोन आला की हा घोळ हमखास. इथलं ज्युनियर कॉलेज बारावीनंतरचं, दोन वर्षांचं. बोलताना 'जूको' म्हणतात. कॅन्ससमधलं हचिन्सन, मिसिसिपीतलं ईस्ट मिसिसिपी, टेक्सासमधलं ब्लिन ही फुटबॉलसाठी नावाजलेली. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही, राहण्या-खाण्याचं आपलं आपण बघायचं.

हायस्कूलमधून अपात्र ठरलेल्या मुलाने इथे निदान तीन सत्रं काढून पदवी घ्यायची, पुढे चालतील असे ४८ क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाची एककं) आणि २.५ जीपीए मिळवायचा, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान ठरावीक प्रमाणात हवंच. मग डिव्हिजन वनचं दार पुन्हा उघडतं. नामवंत क्वार्टरबॅक आरन रॉजर्स ब्युट कॉलेजातून कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला गेला हे उदाहरण सगळे देतात, पण त्याची अडचण अभ्यासाची नव्हती, त्याला मोठ्या विद्यापीठांनी विचारलंच नव्हतं.

घड्याळाकडे लक्ष ठेवा. कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्यात चार हंगाम खेळायचे. जूकोचे हंगामही त्यातच मोजायचे का, यावर कोर्टबाजी झाली. व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया याला २०२४ च्या डिसेंबरमध्ये टेनेसीच्या संघीय न्यायालयाने तात्पुरता दिलासा दिला आणि त्यापाठोपाठ एनसीएएने त्याच्यासारख्यांना पुढच्या एका वर्षापुरती सवलत दिली.

विद्यापीठ बदललं म्हणून एक वर्ष बाहेर बसावं लागतं का?

१९६४ पासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा कागद होता. त्यावर सही करून मन बदललं तर हीच शिक्षा होती. पण विद्यापीठानेच प्रवेश नाकारला तर तो कागद आपोआप रद्द ठरे, मुलावर खापर नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो कागदच बंद झाला. आता सही होते ती शिष्यवृत्तीच्या करारावर, आणि त्यालाही प्रवेशाची अट असतेच.

ज्याने अजून वर्गात पाऊल टाकलेलं नाही तो 'ट्रान्सफर' नसतो, त्याला पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालायची गरज नाही. अपवाद उन्हाळी सत्राचा. शिष्यवृत्तीवर जून-जुलैत वर्गाला बसलेला असेल किंवा सराव केलेला असेल तर गणित बदलू शकतं. अशा वेळी कोचच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. नव्या विद्यापीठाच्या नियमपालन विभागाकडून लेखी घ्या.

आधीच कॉलेजात असलेल्यांचं काय? ते तर पोर्टलमधून सर्रास उड्या मारतात.

पोर्टल २०१८ मध्ये आलं आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्याने कितीही वेळा विद्यापीठ बदललं तरी बाहेर बसावं लागत नाही. पण तिसरं दार इथेही आहेच, फक्त कुलूप वेगळं: क्रेडिट. नव्या विद्यापीठाने जुने क्रेडिट मानले नाहीत तर तिसऱ्या वर्षाचा मुलगा एकदम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आणि एनसीएएची अट अशी की तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या ६० आणि पाचव्याच्या ८० टक्के अभ्यास झालेला हवा. इथे गाडी अडते.

बास्केटबॉलमधला केलब लव्ह याचं उदाहरण ताजं आहे. नॉर्थ कॅरोलायना सोडून २०२३ मध्ये त्याने मिशिगनला होकार दिला. क्रेडिट आणि प्रवेशाचा प्रश्न निघाला, मेमध्ये ते फिसकटलं, आणि तो ॲरिझोनाला गेला. पुढच्याच हंगामात त्याच्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. नॉर्थ कॅरोलायनात तीन वर्षं शिकलेला मुलगा मिशिगनला अभ्यासात का बसत नाही, असा अनेकांना प्रश्न पडला. मुलगा बसत होता, त्याचे क्रेडिट बसत नव्हते.

एकदा आत घेतल्यावर विद्यापीठं तरी नीट शिकवतात का?

काही शिकवतात. नॉर्थ कॅरोलायनातच १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं असे वर्ग चालले की ज्यांना शिक्षक नव्हता, तास नव्हते, शेवटी एक निबंध दिला की भरघोस गुण. ३,१०० च्या आसपास विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा न करता हात झटकले, कारण काय, तर ते वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते! बीजगणितातल्या एका 'डी'साठी पोराला दाराबाहेर उभं करणारी हीच संघटना. माझी चिडचिड इथे लपत नाही.

महाराष्ट्रात शिकलेल्या मुलांनाही हे नियम लागू होतात का?

होतात. फुटबॉलला आपल्याकडून कोणी येताना मी पाहिला नाही, पण टेनिस, पोहणं, गोल्फ, ॲथलेटिक्सला मुलं येतात आणि नियम तेच. नववीपासूनच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका लागतात, मूळ भाषेत आणि सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर. आपल्याकडे दहावी-बारावीच्या बोर्डाच्या मार्कशीट जपून ठेवतात, नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जातं. ते आधी शोधा. आणि खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत मिळतात तसे सवलतीचे गुण इथे कोणी देत नाही.

आमचा मुलगा आत्ता नववीत आहे. काय करू?

शाळेची एनसीएए-मंजूर विषयांची यादी इंटरनेटवर कोणालाही बघता येते. ती छापून फ्रिजवर लावा. दर सत्राला वेळापत्रक आलं की त्यातला प्रत्येक विषय यादीत आहे का ते बोट ठेवून तपासा, काउन्सेलर कितीही भला असला तरी. ऑफर आली की कोचला पहिला प्रश्न हा विचारा: प्रवेश समिती माझ्या मुलाचे कागद कधी बघणार, आणि उत्तर कोणत्या महिन्यात देणार? कोच विषय बदलून स्टेडियम किती मोठं आहे ते सांगायला लागला तर काय समजायचं ते समजा. हातात दुसरं एक विद्यापीठ शेवटपर्यंत ठेवा, त्या कोचशी गोड बोलत राहा. आणि गणितात अडत असेल तर नववीतच शिकवणी लावा, बारावीत नको.

बातमीत 'शैक्षणिक अडचण' लिहिलेलं असतं, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

बेताने. विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय उघड करायला १९७४ च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे विद्यापीठ गप्प बसतं. कोच गोलमोल बोलतो. उरतं ते तर्ककुतर्क. कधी खरंच गुण कमी असतात, कधी कोचला आणखी चांगला खेळाडू मिळालेला असतो आणि कारण म्हणून अभ्यास पुढे केला जातो. अठरा वर्षांच्या पोराला ग्रुपवर 'ढ' म्हणून मोकळं होण्याआधी हे ध्यानात असू द्या.

पहिल्या विद्यापीठाचे टी-शर्ट परत द्यावे लागतात का?

हा प्रश्न खरोखर आला होता, एका आजींकडून. नाही, आजी. रिक्रूटला कपडे भेट देणं नियमात बसत नाही, त्यामुळे ते घरच्यांनीच दुकानातून विकत घेतलेले असतात, आणि काही स्वस्त नसतात. माझ्या वर्गातला एक पोरगा अजून तो घालून येतो. उलटा करून.